पणजीचं नाव शोधतेय: जुनी दप्तरं, नोंदवह्या, वाचनालयं यांबद्दल मदत हवी

रानजाई (धागाकर्ती)

आमच्या देवघरात चांदीचा एक टाक आहे. नखाएवढा, झिजून गुळगुळीत झालेला. त्यावरची बाईची आकृती बोटाला कळते, डोळ्यांना नीट दिसत नाही. आई त्याला 'सवाष्ण' म्हणते. भाद्रपदात अविधवा नवमीला तिच्या नावानं एका सवाष्णीला जेवायला बोलावतो, ओटी भरतो. यंदा गुरुजी नवे होते. संकल्पाच्या वेळी त्यांनी नाव विचारलं. घरात अकरा माणसं होती, एकालाही सांगता आलं नाही.

ती माझी पणजी. आजोबा दोन वर्षांचे असताना मानमोडीच्या (१९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या) साथीत गेली, एवढंच आजोबा सांगायचे. पणजोबा तेव्हा पलटणीत, बसऱ्याकडे होते. परत आले आणि पाचसहा वर्षांत तेही गेले. आजोबांना चुलतीनं वाढवलं. पणजीचं नाव काय, माहेर कुठलं, ते कुणी कधी बोललं नाही आणि आम्हीही आजोबा असेपर्यंत विचारलं नाही.

गाव पाटण तालुक्यात, सातारा जिल्हा. आम्ही शेतकरी, छापील कुलवृत्तांत वगैरे आमच्यात नाही. आतापर्यंत केलं ते असं: ऑनलाइन मिळाले तेवढे जुने सातबारे काढले. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून जुन्या फेरफारांच्या (जमिनीच्या हक्कात बदल झाला की होणाऱ्या नोंदींच्या) नकला घेतल्या. त्यातले तीन मोडीत आहेत. गावातल्या एकांनी वरवर पाहून 'हे सगळं वाटणीचं आहे, बायकांचं काही नाही' असं सांगितलं, म्हणून ते बाजूला ठेवले. तालुक्याच्या वाचनालयातही एक दिवस बसले. तिथे जुनं गॅझेटिअर मिळालं, वाचलंही आवडीनं, पण घराण्याचं त्यात काय असणार?

आता पुढे कुठे जाऊ? १९११ किंवा १९२१ च्या जनगणनेचे घरोघरचे कागद कुठे पाहायला मिळतात का? पुण्याच्या पेशवे दफ्तरात काही सापडेल का?

दफ्तरी

रानजाईताई, शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी देतो, म्हणजे हेलपाटे वाचतील.

जनगणनेचे घरोघरी भरलेले तक्ते आपल्याकडे जपून ठेवलेले नाहीत. इंग्लंड-अमेरिकेत लोक जनगणनेतून खापरपणजोबा शोधतात, ते वाचून आपल्याकडचेही बरेच जण त्या मागे लागतात. इथे बेरजा आणि अहवाल उरले, माणसांची नावं नाहीत.

पुणे अभिलेखागारात मी बरीच वर्षं जातो. तिथलं पेशवे दफ्तर म्हणजे कापडी रुमालात बांधलेल्या गठ्ठ्यांचा डोंगर आहे, बहुतेक सगळा मोडीत. गो. स. सरदेसाईंनी त्यातून निवडक कागदांचे ४५ खंड काढले, ते मोठ्या वाचनालयांत असतात, जरूर चाळा. पण त्यात नाव येतं ते वतनदाराचं, इनामदाराचं, देशमुख-पाटील-कुलकर्ण्याचं, शिलेदाराचं. ज्यांच्याकडे इनाम होतं त्यांना १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनपुढे हक्क शाबित करावा लागला. त्यासाठी कैफियती दिल्या गेल्या, वंशावळी जोडल्या गेल्या. ती सोन्याची खाण आहे, पण इनामदारांच्या वंशजांसाठी. साध्या रयतेचं माणूस, त्यातून बाई, आणि तीही १९१८ सालची, तुम्हाला पुण्याच्या रुमालात मिळणार नाही. ती मिळेल तालुक्यात.

गाव नमुना १४ पाहिलात का? गावचा जन्म-मृत्यूचा रजिस्टर. 'कोतवाल बुक' म्हणून मागा. बहुतेक तहसीलच्या अभिलेख कक्षातच असतो.

बोरूचा_टाक

दफ्तरींशी सहमत, फक्त एका वाक्याशी नाही. 'वाटणीचं आहे, बायकांचं काही नाही' असं ज्यांनी सांगितलं त्यांचं ऐकून ते तीन मोडी फेरफार बाजूला ठेवू नका. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, आधी ओळ आखून तिच्याखाली सलग लिहीत जातात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. वरवर पाहणारा ओळखीचे शब्द उचलतो आणि बाकीचं सोडून देतो.

जुन्या कागदात बाई कुठे लपलेली असते ते सांगतो. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण 'कोम' दिसलं की थांबायचं, कोम म्हणजे अमक्याची बायको. काही भागांत त्याजागी 'जवजे' येतं. 'भ्रतार' म्हणजे नवरा. 'मयत' पुढे कोण कोण वारस लिहिलेत ते अक्षर अक्षर लावून वाचायचं. इसवी सन काढायला शकाचा आकडा असेल तर ७८ मिळवा, फसली (महसुली) साल असेल तर ५९०, एखाद्या वर्षाचा फरक पडतो.

फोटो व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. दिवसा उजेडात, सावली न पडू देता, समासासकट काढा. समास कापलेले फोटो पाठवतात लोक, आणि नेमकं तिथेच काहीतरी असतं.

कृष्णाकाठ

ताई, तुमच्याकडं हेळवी येत नाहीत का? आमच्या शिरोळ भागात अजून येतात. सुगी झाली की नंदीबैल घेऊन दारात, आणि चोपडी काढून घराण्याची सगळी पिढी म्हणून दाखवतात. कुणाचा कोण, कुठल्या गावचं मूळ, कुणाला किती पोरं. धान्य, कापड, पैसे द्यायचे आणि नवी जन्मलेली नावं लिहून घ्यायची. आमच्या आज्जीनं माझ्या बहिणीचं नाव हट्टानं लिहायला लावलं, नाहीतर पोरींची लिहीत नाहीत. छापील कुलवृत्तांत नसला म्हणून घराण्याची नोंद नाही असं धरू नका. आमची नोंद त्यांच्या तोंडात आणि चोपडीत आहे.

रानजाई

@कृष्णाकाठ, आत्याला विचारलं. ती लहान असताना यायचे म्हणाली, पण आमच्या वाड्यात पन्नासेक वर्षांत कुणी आलेलं नाही. तुमच्या आज्जीला माझा नमस्कार सांगा.

@बोरूचा_टाक, फोटो आजच पाठवते.

ग्रंथपाल_ताई

मी एका 'ब' वर्ग वाचनालयात एकवीस वर्षं आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. लोक वाचनालयात येतात आणि विचारतात, 'आमच्या घराण्यावर पुस्तक आहे का?' नाही म्हटलं की निघून जातात. मला फार वाईट वाटतं. घराण्यावर पुस्तक नसतं, पण घराणं पुस्तकांत विखुरलेलं असतं.

आमच्या राज्यातली कित्येक वाचनालयं शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची, काही त्याहूनही जुनी आहेत. रत्नागिरीचं १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं. एवढ्या जुन्या संस्थेकडे तिचे स्वतःचे कागद असतात, पण ते कुणी मागत नाही. वार्षिक अहवालाच्या शेवटी वर्गणीदारांच्या आणि देणगीदारांच्या याद्या असत. सभासदांचे रजिस्टर असत. एका आजोबांना मी त्यांच्या वडिलांची १९३० च्या दशकातली सही दाखवली होती. खालच्या ओळीत अनामत रक्कम, शेजारी 'गाव सोडून गेले, अनामत परत' असा शेरा. वडील गाव सोडून कधी गेले ते त्यांना त्या शेऱ्यावरून कळलं. बोट सहीवर न टेकवता वरून फिरवत बसले होते ते बराच वेळ.

मग स्मरणिका. शाळेच्या शताब्दीची, देवळाच्या जीर्णोद्धाराची, सहकारी सोसायटीच्या सुवर्णमहोत्सवाची. या ग्रंथालयाच्या सूचीत बहुधा नसतात, माळ्यावर गठ्ठ्यात असतात. 'स्मरणिकांचा गठ्ठा पाहायचाय' असं स्पष्ट सांगा. जीर्णोद्धाराच्या स्मरणिकेत देणगीदारांच्या यादीत बायकांची नावं सापडतात बरं का, 'कै. अमुकबाई यांच्या स्मरणार्थ' म्हणून. स्थानिक साप्ताहिकांच्या बांधीव फायली असतील तर त्यांतले निधनवृत्त आणि जाहीर नोटिसा पाहा.

आणि जनगणनेबद्दल दफ्तरींनी लिहिलं ते बरोबर, पण १९५१ च्या जनगणनेचं प्रत्येक जिल्ह्याचं एक पुस्तक निघालं होतं. त्यात माणसांची नावं नाहीत, पण तालुकावार गावांची पूर्ण यादी आहे. जुन्या कागदातलं गावाचं नाव लागत नसेल तर ते पुस्तक मागा. सातारा जिल्ह्याच्या लोकांनी तर मागाच.

येताना पेन्सिल आणा, पेन नको. पान उलटताना बोटाला थुंकी लावू नका. आणि वाचनालयात जो सर्वांत जुना शिपाई असेल त्याच्याशी बोला, माळ्यावर काय आहे ते त्याला ठाऊक असतं.

वाशिष्ठी

ग्रंथपालताईंच्या माळ्याच्या उल्लेखानं पोटात कालवलं. आमच्या चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. २००५ च्या पुरात पाणी शिरलं, त्यातून उभं राहिलं, तर २०२१ च्या जुलैत पुन्हा. हजारो पुस्तकं गेली. भिजलेल्या पुस्तकाचा लगदा हातात घेतलाय मी, पान कुठलं आणि पुठ्ठा कुठला ते कळत नाही. ज्यांना काही शोधायचंय त्यांनी या वर्षी शोधा, पुढच्या वर्षावर टाकू नका. आणि सापडलेल्या पानाची एक प्रत त्या वाचनालयालाही द्या.

वैनगंगा

विदर्भातल्या वाचकांसाठी थोडक्यात: आपल्याकडे कागदांची नावं वेगळी आहेत. मध्य प्रांताच्या बंदोबस्ताची (जमीन महसूल ठरवतानाच्या नोंदींची) 'मिसल' आणि १९५४-५५ चा अधिकार अभिलेख मागा. सातारा-पुण्याची नावं सांगितली तर कारकून 'नाही' म्हणेल, आणि ते खरंही असेल.

गोदातीर

मराठवाड्याचंही तसंच. निजामाच्या काळातलं दप्तर उर्दू-फारसीत, त्यामुळे मोडी वाचणाऱ्याइतकीच उर्दू वाचणाऱ्याची गरज पडते. १९५४ च्या सुमाराचं खासरा पत्रक (जमिनीच्या नोंदींचा तक्ता) हा बऱ्याच घरांसाठी पहिला पक्का कागद. २०२३ मध्ये न्या. शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली, तेव्हा जन्म-मृत्यूचे रजिस्टर, शाळांचे जनरल रजिस्टर, खासरा पत्रकं असं सगळं कपाटातून बाहेर निघालं. कित्येक तालुक्यांत ते स्कॅनही झालं. कारण काही असो, आज तुम्ही मागाल तर कागद हाताशी असण्याची शक्यता दहा वर्षांपूर्वीपेक्षा जास्त आहे.

सांजवात

वडिलकीच्या नात्यानं लिहिते, राग मानू नका. माझ्या सासरी तीन टाक आहेत, एकाचंही नाव ठाऊक नाही. 'पूर्वज' म्हणून हात जोडतो, पोचतं ते. नाव शोधायला एवढी कचेरी-कचेरी करायची गरज आहे का? गुरुजींना 'अज्ञातनाम' म्हणून संकल्प करता येतो.

रानजाई

सांजवातकाकू, राग कशाचा. पोचतं याबद्दल मलाही शंका नाही. पण आमच्या घरात पणजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं, त्यांच्याही वडिलांचं, सगळ्यांना पाठ आहे. सातबाऱ्यावर आहे, दारावरच्या पाटीवर आहे. तिच्या पोटी आजोबा आले म्हणून आम्ही सगळे आहोत, आणि तिच्यासाठी 'अज्ञात' म्हणायचं हे मला गिळवत नाही. माझ्या मुलीनं तिथेच विचारलं, 'मग माझंही नाव विसरतील का?' त्या रात्री हा धागा लिहायला घेतला.

मांडवी_किनारा

रानजाई, तुझं वाचून आमच्या गोव्याची पद्धत सांगावीशी वाटली. पोर्तुगीज काळातल्या नागरी जन्मनोंदीत बाळाच्या आईवडिलांबरोबर दोन्हीकडच्या आजी-आजोबांची नावं लिहायची पद्धत होती. त्यामुळे एका जन्मनोंदीतून बाईचं माहेर आपोआप कळतं. माझ्या आजीच्या नोंदीवरून मी तिच्या आईचं माहेर एका दिवसात शोधलं. पणजीच्या पुराभिलेखात गावकऱ्यांचे, म्हणजे कोमुनिदादींचे कागदही आहेत, पण ते पुन्हा पुरुषांचेच. कागद कुणी कशासाठी लिहिला त्यावर आहे सगळं.

(हसू आलं लिहिताना, पणजी शहर आणि तुझी पणजी.)

लालबाग_परळ

तुमच्या पाटणची पुष्कळ मंडळी मुंबईत गिरणीत होती. गावकीची खोली असायची, वीस-पंचवीस गडी एका खोलीत, मंडळाची वर्गणीची वही. आमच्या मंडळाकडे अशा वह्या अजून पेटीत आहेत. गावी कोण वारलं की वहीत 'अमक्याची बायको वारली, गावी जाण्यास दिले रु. ५' असं लिहिलेलं. तुमच्या गावाचं मुंबई मंडळ असेल तर विचारा.

रामकुंड

नाशिक-त्र्यंबकला तुमच्या घरातून कुणी गेलं असेल तर क्षेत्रोपाध्यांच्या नामावळीत (तीर्थाच्या उपाध्यांकडच्या यजमानांच्या वह्यांत) बघा. पिंडदानात मातामह म्हणजे आईच्या वडिलांचंही नाव लागतं, त्यामुळे आलेल्या माणसानं सांगितलं असेल तर आजोळ लिहिलेलं सापडतं. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की त्या गावाचे उपाध्ये कोण ते तिथे कुणीही दाखवतं. हरिद्वारच्या पंड्यांच्या बऱ्याच बह्यांची (वह्यांची) चित्रं फॅमिलीसर्च या वंशावळींच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात, पण त्यात गाव शोधायला चिकाटी हवी.

रानजाई

तीन आठवड्यांनी लिहितेय.

गाव नमुना १४ मिळाला. अर्ज दिला, दोन वेळा परत यावं लागलं, तिसऱ्या वेळी ताईंनी (तिथल्या कर्मचारी, फार आस्थेनं मदत केली) १९१८ चं पुस्तक टेबलावर ठेवलं. कडा वाळवीनं खाल्लेल्या. एरवी एका पानावर दोन-तीन महिन्यांच्या नोंदी बसतात, ऑक्टोबर-नोव्हेंबर १९१८ ला पानामागून पान भरलंय. आमचं गाव केवढंसं! कारणाच्या रकान्यात 'ताप', खाली 'ताप', मग लिहिणाऱ्यानं नुसत्या दोन उभ्या रेघा ओढत नेल्यात. मध्येच एका तारखेपासून अक्षर बदलतं. आधीचा लिहिणारा गेला की आजारी पडला, कुणास ठाऊक. मला पुढे वाचवेना. ताईंनी पाणी दिलं.

त्यात पणजोबांचं नाव सापडलं. नोंद अशी: पणजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, 'याची बायको', वय २०, ताप.

याची बायको. इतकंच. 'कोम'सुद्धा नाही, कारण कोमच्या आधी नाव लिहावं लागलं असतं.

वीस वर्षांची होती ती. माझी मुलगी एकोणीसची आहे.

दफ्तरी

ताई, वाचून गप्प बसलो थोडा वेळ. त्या आठवड्यात मरणाऱ्यांची वर्दी देणारेसुद्धा तापात होते, त्यामुळे अशा नोंदी बऱ्याच आहेत. पण तुमच्या हाती तारीख आणि वय आलं, हे कमी नाही. जन्म १८९८ च्या आसपास धरा. आजोबांचा शाळेचा दाखलाही काढा, पण जन्मतारीख १ जून असेल तर तिच्यावर विसंबू नका. शाळा जूनमध्ये सुरू व्हायच्या आणि मास्तर अंदाजे वर्ष धरून १ जून घालायचे. माझ्या दोन्ही आजोबांची आणि एका काकांची तीच तारीख आहे.

बोरूचा_टाक

रानजाईताई, उशीर झाला, पण कागद तसाच होता. दोन फेरफार बांधबंदिस्ती आणि तगाईचे (सरकारी शेतकर्जाचे) आहेत, त्यांत बायकांचं खरोखर काही नाही. तिसरा १९२४ चा आहे आणि तो तुमच्यासाठी आहे. तुमच्या परवानगीनं नावं गाळून इथे लिहितो:

'…हा मयत. वारस मुलगा … वय वर्षे ८, अज्ञान. अ. पा. क. मामा … बिन …, राहणार …'

अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अल्पवयीन वारसाचा पालक. जमीन नावावर चढवताना वारस लहान असेल तर त्याच्या वतीनं कुणीतरी मोठं माणूस लागतं. बहुतेक वेळा चुलता असतो. इथे मामा आहे. आणि समासात 'तक्रारी' असा शेरा आहे, म्हणजे नोंदीला कुणीतरी हरकत घेतली होती.

तुमच्या पणजीचा भाऊ चावडीवर येऊन भाच्याच्या हिश्श्यासाठी उभा राहिला होता, ताई. त्याचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव आणि गाव, तिन्ही या कागदात आहेत. हा कागद पहिल्या दिवसापासून तुमच्याजवळच होता.

ग्रंथपाल_ताई

काटा आला अंगावर. +१ बोरूचा_टाक यांना. हा अ. पा. क. चा मुद्दा सगळ्यांनी वाचनखूण म्हणून साठवून ठेवा. त्याच्या जोडीला ए. कु. मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, तेही पाहत चला.

रानजाई

मला काय लिहावं सुचत नाही. आत्याला फोनवर वाचून दाखवलं. ती आधी काहीच बोलली नाही, मग म्हणाली, 'म्हणून ते येईनासे झाले.' तिनं लहानपणी ऐकलं होतं की आजोबांच्या आजोळच्यांशी वाटणीवरून बोलणं तुटलं होतं. कोण चूक, कोण बरोबर हे तिला ठाऊक नव्हतं. आजोबांना वाढवलेल्या चुलतीचा मान राखून घरात तो विषय कुणी काढायचा नाही. आणि विषय काढायचा नाही म्हणता म्हणता नावही गेलं.

आता अडचण अशी की गाव सापडत नाही. नकाशावर नाही, तालुक्याच्या यादीत नाही, गुगलवर नाही. नाव वाचताना चूक झाली असेल का?

बोरूचा_टाक

'व' आणि 'ब' चा घोळ होऊ शकतो, पण बाकी अक्षरं स्वच्छ आहेत. मी पुन्हा पाहिलं. गाव हेच आहे.

ग्रंथपाल_ताई

म्हणून मी मुद्दाम लिहिलं होतं, सातारा जिल्ह्याच्या लोकांनी १९५१ चं पुस्तक मागाच. रानजाई, तुमच्या तालुक्यात कोयनेचं धरण झालं ते त्यानंतर.

रानजाई

सगळ्यांना, आणि विशेष करून तुम्हाला, ग्रंथपालताई.

वाचनालयात गेले. पुस्तक सूचीत नव्हतं. तिथल्या जुन्या शिपाईमामांना सांगितलं, त्यांनी शिडी लावली आणि अर्ध्या तासानं खाली आणलं, दोरीनं बांधलेलं, पाठ सुटलेली. पाटण तालुका, गावांची यादी, बारीक छपाई. बोट लावून खाली येत होते आणि तिथे ते गाव होतं. घरं किती, माणसं किती, सगळं. ओळ एकच. मामांना दाखवली. ते म्हणाले, 'हे शिवसागरात गेलं की.'

कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांची माणसं रायगड, ठाणे, सांगली, सोलापूर अशी जिल्ह्याजिल्ह्यांत नेऊन वसवली. पुनर्वसनाच्या दप्तरात त्या गावच्या खातेदारांची यादी मिळाली. फेरफारातलं मामांचं आडनाव आणि वडिलांचं नाव जुळणारी दोन खाती होती, दोन्ही रायगड जिल्ह्यातल्या एका वसाहतीत. वसाहतीचं नाव इथे लिहीत नाही, तिथल्या लोकांना विचारलेलं नाही.

गेल्या रविवारी आत्या, बाबा, मी आणि माझी मुलगी गेलो. घर सापडायला वेळ लागला नाही, त्या वसाहतीत सगळे एकमेकांना मूळ गावच्या नावानंच ओळखतात. चावडीवर उभ्या राहिलेल्या त्या मामांचे नातू भेटले. वय ऐंशीच्या पुढे, कानानं कमी. बाबांनी मोठ्यानं आमच्या गावाचं नाव सांगितलं. म्हातारबाबा आमच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, 'सगुणाच्या घरचे का तुम्ही?'

आम्ही कुणी काही सांगायच्या आत.

सगुणा. त्यांच्या आजोबांची पाठची बहीण. आजोबा मरेपर्यंत तिचं नाव घ्यायचे, म्हणायचे, पोराचा हिस्सा राखला पण पोर राखता आलं नाही. गाव सोडताना गाडीत काय घालायचं आणि काय मागे ठेवायचं असं झालं, तेव्हा त्यांच्या आज्जीनं एक जातं आणलं. त्यावर सगुणाच्या हळदीचं दळण झालं होतं म्हणून. ते जातं मागच्या पडवीत आहे. वरची तळी मधोमध चिरलेली आहे, खुंटा नाही. माझ्या मुलीनं त्यावर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

दफ्तरी

ताई, नुसती तोंडी माहिती असती तर मी शंभर प्रश्न विचारले असते. इथे मृत्यूची नोंद, फेरफार, गावाची यादी, पुनर्वसनाची यादी आणि म्हातारबाबांनी आपणहून घेतलेलं नाव, पाचही एका रेषेत येतात. हे पक्कं आहे. आता हे सगळं एका कागदावर तारखांसकट लिहा, कुठला कागद कुठल्या कचेरीतून मिळाला तेही लिहा, आणि एक प्रत तुमच्या तालुक्याच्या वाचनालयात द्या.

सांजवात

रानजाई, मी आज आमच्या तलाठ्याकडे जुन्या फेरफारांचा अर्ज दिला. तीन टाक आहेत, बघू. अ. पा. क. नीट लिहून घेतलंय.

रानजाई

काकू, मोडीत निघाले तर इथे टाका, आपण सगळे मिळून वाचू.

दफ्तरी, लिहायला घेतलंय. आणखी एक राहिलं. उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेलं की जुन्या गावांचे चौथरे, देवळांचे दगड उघडे पडतात, तेव्हा वसाहतीतली माणसं जमेल तशी जाऊन येतात. म्हातारबाबांनी यंदा आम्हाला बोलावलंय. त्यांच्या घराचा चौथरा ते दाखवणार आहेत, ज्या घरातून ती लग्न होऊन निघाली तो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात जायचं ठरलंय. आत्यानं आत्तापासून ओटीचं खण-नारळ काढून ठेवलंय.